जुनमायादिदी आणि धरून ठेवण्याची विद्या

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आपले वॉर्डाध्यक्ष लोकप्रसाद सापकोटा सर, जिल्हा रुग्णालयातून एवढी चढण चढून आलेल्या डॉक्टर अनिशा तुलाचन मॅडम, आरोग्य चौकीतले माझे सहकारी, आमा समूहाच्या सगळ्या आमा, दिदी आणि बहिनी, आपल्या निळ्या साड्यांनी सभागृहाची डावी बाजू भरून टाकणाऱ्या स्वयंसेविका, मागे भिंतीला टेकून उभे असलेले बा आणि दाजू, आणि गळ्यात इतके सत्काराचे रेशमी खादे नि झेंडूच्या माळा पडल्यात की ज्यांचं मला इथून फक्त नाकापासून वरचं तोंड दिसतंय, त्या आजच्या सत्कारमूर्ती जुनमाया घर्ती दिदी, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माझं नाव सिर्जना राजभंडारी. मी खाली रुग्णालयात परिचारिका आहे आणि सोनोग्राफी करते. इथल्या बऱ्याच जणींनी मला ओळखलं असेल, कारण तुमची मुलं जन्माला यायच्या आधी मी त्यांची तोंडं पाहिली आहेत. पण दर मंगळवारी मी एक दुसरी सोनोग्राफी करते. तीत बाळ नसतं. बाळ ज्या वाटेनं बाहेर आलं, त्या वाटेचं पुढं काय झालं, ते पाहायचं असतं. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

अध्यक्ष महोदयांनी आत्ताच माझ्या कानात सांगितलं, "सिस्टर, थोडक्यात. मागे खसीचं मटण तयार आहे." मला वासावरून ते आधीच कळलं होतं सर. मी प्रयत्न करते.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी दिदींचं काम सांगितलं. पोलिओचे थेंब, जीवनसत्त्वाच्या लाल गोळ्या, पावसाळ्यात झुलत्या पुलावरून डोलीतून नेलेल्या बाळंतिणी. सगळं खरं आहे. या वॉर्डात आता घरी बाळंतपण होत नाही, ते दिदींच्या पायांमुळे आणि, खरं सांगायचं तर, दिदींच्या तोंडामुळे. "चल म्हटलं ना, चल. मरायचं असेल तर माझी ड्यूटी संपल्यावर मर," असं म्हणून त्यांनी किती जणींना खाली आणलंय, ते त्या जणीच सांगतील. बघा, हसताहेत.

मी जे सांगणार आहे ते सांगावं की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला. सुरुवात दिदींनीच केली होती. रुग्णालयात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बहिनी, त्या दिवशी सगळे उठून माझं कौतुक करणार. जुनमायानं हे केलं, जुनमायानं ते केलं. तू माझं ते सांग."

मी विचारलं, "दिदी, सगळ्यांसमोर? बा असतील, वॉर्डाध्यक्ष असतील."

"वॉर्डाध्यक्ष काय आभाळातून पडलाय? त्याच्या दोन्ही लेकींच्या वेळी मीच होते. आतून ती ओरडत होती आणि बाहेर हा रडत होता. तू सांग. नाही सांगितलंस तर मी माईक ओढून घेईन, आणि मी सांगितलं तर तुझ्याहून वाईट शब्दांत सांगेन."

सर, क्षमा करा. हे त्यांचे शब्द आहेत.

दिदींची परवानगी मिळाली. पण एवढ्यानं भागतं का? मला वाटलं, ही गोष्ट एकट्या दिदींची नाही. निम्मी त्यांच्या सुनेची, हिमकलाची आहे. सासू हो म्हणाली की सून हो म्हणालीच, असं आपण किती सहज धरून चालतो! म्हणून मी दिदी घरी नसताना गेले. हिमकला अंगणात मक्याची कणसं सोलत बसली होती. तिला म्हटलं, नको असेल तर नको म्हण, मी दुसरं काहीतरी चांगलं बोलेन. तिनं आणखी दोन कणसं सोलली. मग म्हणाली, "सांगा मिस. पण मला बिचारी म्हणायचं नाही."

हिमकला इथं दुसऱ्या रांगेत बसली आहे. मी हा शब्द पुन्हा उच्चारणार नाही.

तर, हिमकलाचं पहिलं बाळंतपण आमच्या रुग्णालयात झालं. बाळ मोठं, कळा लांबलेल्या, शेवटी बाळाचे ठोके मंदावले आणि चिमटा लावावा लागला. तो वेळेवर लावला म्हणूनच दिदींचा नातू आज पहिल्या रांगेत बसून सत्कारासाठी ठेवलेली सेलरोटी खातोय. खा बाबू, खा. बाहेरचे टाके नीट भरले. न्वारान होऊन बाळाला नाव मिळालं, ज्वानोचं, ओव्याचं कढण पिऊन झालं, विश्रांतीचे दिवस सरले, आणि मग एके दिवशी हिमकलानं गवतानं भरलेला बांबूचा डोको पाठीवर घेतला, नाम्लोचा पट्टा कपाळाला लावला आणि उठताना तिला वाटलं की खालून काहीतरी घसरतंय.

तिनं सासूला सांगितलं, "आमा, खाली जड वाटतं. ओझं उचललं की काहीतरी उतरून येतंय असं वाटतं. खोकले तरी लघवी होते."

आता तुम्ही म्हणाल, सासू स्वयंसेविका, आयुष्यभर बायकांच्या दुखण्यांचंच काम केलेली, ती लगेच समजून घेईल. मलाही तसंच वाटलं असतं. दिदी काय म्हणाल्या? "मूल झालं की जड वाटतंच. मला तीन झाली. मी काय हवेत तरंगत होते?"

काही महिन्यांनी हिमकला पुन्हा म्हणाली. तेव्हा उत्तर आलं, "तुमच्या पिढीला मोबाइल जड होत नाही. गवत तेवढं जड होतं." पाणी भरायच्या धाऱ्यावरच्या बायकांपर्यंत ते पोचलं. तिथून फोनवरून कतारला पोचलं. तिकडून दिदींच्या मुलानं, टेकनं, बायकोला विचारलं, "आईला कामात मदत का करत नाहीस?" नवरा चांगला आहे हो. पण वाळवंटात उभ्या असलेल्या माणसाला काय दिसणार? घरात राहून रोज तिचं तोंड बघणाऱ्यांनाही दिसत नव्हतं.

आणि हेच तर या दुखण्याचं कठीणपण आहे. हात मोडला तर गळ्यात बांधता येतो. ताप आला तर अंगाला हात लावून कळतो. हे कुठं दाखवणार? हिमकला चालत होती, जेवत होती, हसतही होती. तिच्या बाजूनं साक्ष द्यायला तिच्याजवळ तिच्या शब्दाशिवाय काही नव्हतं.

शेवटी एका मंगळवारी दिदी तिला घेऊन माझ्याकडे आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बहिनी, हिला एकदा नीट तपास आणि कागदावर लिहून दे, काही नाही म्हणून. मग घर शांत होईल. उद्यापासून भात लावायचाय, डोकोनं शेणखत वाहायचंय."

मला तेव्हा काय दडपण आलं, ते सांगते. मी "काही नाही" असं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी ओलं खत भरलेला डोको त्या मुलीच्या पाठीवर जाणार होता आणि पुढं ती काही बोलली असती, तर माझा कागद तिच्या तोंडावर धरला गेला असता.

आधी अनिशा मॅडमनी डोळ्यांनी तपासलं. उताणं झोपलेल्या बाईचं, तेही सकाळी, फार काही दिसत नाही. थोडं सैल आहे, एवढंच त्या म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "तू बघ."

आता या तपासणीत काय करतात, ते बायकांसाठी सांगते. पुरुषांनी ऐकलं तरी चालेल. ऐकायलाच हवं, खरं तर. लघवीला जाऊन यायचं. गुडघे वर करून झोपायचं. पोटावर फिरवतो तोच दांडा, त्याला मोजा चढवून, जेल लावून, बाहेरूनच खाली टेकवायचा. दुखत नाही. मग मी दोन गोष्टी सांगते. एक, लघवी अडवतो तसं आवळून धरा. दोन, शौचाला बसल्यासारखं कुंथा. आवळलं की ओटीपोटाचा तळ वर जातो, कुंथलं की खाली येतो. किती खाली येतो, त्यावरून मूत्राशय, गर्भाशय जागेवर आहे की उतरतंय, ते पडद्यावर दिसतं. एवढीच ती तपासणी.

हिमकलाला म्हटलं, "धर." तिनं धरलं. म्हटलं, "आता कुंथ." तिनं पुन्हा धरलं.

मी म्हटलं, "वर नाही गं, खाली." तिनं तोंड लाल केलं, गाल फुगवले, कपाळावर शिरा आणल्या. बघणाऱ्याला वाटावं, काय जोर लावतेय! पण पडद्यावर सगळं वर. तोंड कुंथत होतं आणि तळ आवळलेला होता.

असं पुष्कळ जणींचं होतं. भीती वाटते. लघवी होईल, वारा सरेल, आणि खाटेभोवतीच्या कापडी पडद्यापलीकडे सासू बसलीय. आपल्याकडे सुनेनं सासूच्या कानावर एवढंसं काही जाऊ दिलं तर वर्षभर ती गोष्ट चुलीपाशी शिजत राहते. मी हिमकलाला हळूच म्हटलं, "इथं काही आवाज झाला तर यंत्र ऐकत नाही." ती हसली. पण सोडलं नाही.

पडद्यामागून दिदी म्हणाल्या, "करतेय ना नीट? हुशार आहे ती. सांगितलेलं लक्षात ठेवते."

मी म्हटलं, "दिदी, चहा पिऊन या ना."

"मला कसली लाज? मी स्वयंसेविका आहे."

तर मला कळेना, करावं काय. तळ किती खाली येतो हे मोजता येत नव्हतं. मोजता आलं नाही म्हणजे "काही नाही" असं होत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. पण कागदावर "मोजता आलं नाही" असं लिहिलं, तर भात लावणाऱ्या घरात त्याचा अर्थ काय काढतील? मग मनात आलं, ही सोडत नाही ना, मग जे करतेय तेच नीट बघू. मी चित्र फिरवून आडवा काप लावला आणि म्हटलं, "हिमकला, फार छान धरतेस. कुंथू नकोच. अजून घट्ट धर. तशीच राहा."

इथं मला थोडं थांबून समजवावं लागेल. आपल्या ओटीपोटाच्या तळाला एक स्नायू असतो. पुढच्या हाडाच्या एका बाजूला त्याची सुरुवात होते, मागून वळसा घालून तो हाडाच्या दुसऱ्या बाजूला येऊन चिकटतो. डोकोचा नाम्लो आठवा. डोकोच्या एका बाजूला बांधलेला, कपाळावरून वळसा घेऊन दुसऱ्या बाजूला बांधलेला. तसाच. आतलं सगळं ओझं त्याच्यावर तोललेलं असतं. बाळ त्याच्या मधून येतं, तेव्हा तो इतका ताणला जातो की शरीरात दुसरं काही एवढं ताणत नसेल. बहुतेकींचा पुन्हा जागेवर येतो. काहींचा एका बाजूनं हाडावरून सुटतो. बाहेर कातडी शाबूत, टाके भरलेले, डोळ्यांना काही दिसत नाही. आणि गंमत अशी, की तो सुटलाय का हे सैल असताना नीट कळत नाही. घट्ट आवळला की कळतं. जी बाजू बांधलेली असते ती आखडून ताठ होते. सुटलेल्या बाजूला हाडापाशी नुसती काळी पोकळी राहते.

हिमकलानं जीव खाऊन धरलं आणि मला दिसलं. डावी बाजू सुटली होती.

मी यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला. तिला दाखवलं. मग विचारलं, "आमांना दाखवू का? तू नको म्हणालीस तर नाही दाखवणार."

ती छताकडे बघत राहिली. म्हणाली, "दाखवा. माझ्या तोंडून ऐकून ऐकून कंटाळल्यात त्या. आता टीव्हीवर बघू दे."

दिदी आत आल्या. चष्मा लावला. मी सांगितलं, "ही उजवी बाजू, हाडाला धरलेली. ही डावी. इथं हाड, हा इथं स्नायू, मधे काही नाही. ही खोटं बोलत नव्हती दिदी. हिच्या नाम्लोची एक बाजू सुटलीय. आणि बघा ना, तिनं इतकं आवळून धरलं म्हणूनच दिसलं."

दिदी माझ्यावर उसळल्या. म्हणजे केवढ्या! "धरल्यावर दिसलं? काहीतरीच काय सांगतेस! धरल्यावर दिसत नाही! मी एवढी वर्षं धरलं, कुणाला दिसलं?"

बोलून गेल्या, आणि तोंडावर पदर धरला.

हिमकला कोपरांवर उठली. "आमा?"

दांडा माझ्या हातात तसाच होता, त्यावरचं जेल माझ्या मनगटावर ओघळत होतं, ते पुसायचंही मला सुचलं नाही.

मग दिदी स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर त्यांचं अंग बाहेर येऊ लागलं होतं. बाळंतपण गोठ्यात झालं होतं, आणि काही दिवसांतच त्या लाकडं आणायला गेल्या होत्या. पुढं स्वयंसेविका झाल्या. अंग बाहेर येण्याच्या तपासणीची शिबिरं होऊ लागली, तेव्हा घरोघर जाऊन बायकांना गोळा करणाऱ्या त्याच होत्या. "लाजू नका, दाखवा, औषध आहे, रिंग आहे, ऑपरेशन आहे," असं सांगणाऱ्या त्याच. आणि त्यांची स्वतःची वेळ आली की? पहाटे उठायच्या आधी हातानं आत ढकलायचं, पाणी भरायला जायचं नाही, कमरेला पटुका घट्ट बांधायचा, शिबिरात पहिला नंबर लावायचा आणि डॉक्टर कुंथा म्हणाले की दात चावून आवळून धरायचं. तोंड मात्र लाल करायचं. तेव्हा तिथं यंत्र नव्हतं. दरवेळी पास.

मी विचारलं, "का पण दिदी?"

"सगळ्या वॉर्डाला मी घेऊन जायचे. माझंच नाव वर लिहिलं असतं तर माझ्या मागं कोण आलं असतं? म्हणाल्या असत्या, हिचं हिला आवरत नाही."

आणि त्याच दिवशी सकाळी येताना, झुलत्या पुलावर, त्यांनी सुनेला तीच विद्या दिली होती. "सिस्टर कुंथ म्हणाली की आवळून धर. तोंडानं जोर दाखव."

ही विद्या त्यांनी सुनेला का दिली असेल? मी याचा पुष्कळ विचार केला आहे. दुष्टपणानं? ज्यांनी अर्ध्या डोंगराची बाळंतपणं पार पाडली त्या बाई दुष्ट? मला ते पटत नव्हतं, पण हिमकलाची बाजू विसरणंही पटत नव्हतं. उत्तर दिदींनीच दिलं. माझ्याकडे न बघता, सुनेच्या पायांवरची चादर सारखी करत म्हणाल्या, "हिचं उतरलंय असं तू लिहिलं असतंस, बहिनी, तर गवत कुणी आणलं असतं? मी? माझं तर आधीच बाहेर आहे."

सभागृहातल्या भगिनींनो, हे वाक्य मी तेव्हापासून मनात घेऊन हिंडते आहे. एका घरात दोन बायका. दोघींचा तळ सुटलेला. आणि दोघींमध्ये डोको एक. तो कुणाच्या पाठीवर राहणार, एवढ्यासाठी एकीनं दुसरीला कामचोर ठरवलं.

हिमकलानं मोठेपणानं लगेच माफ केलं, असं मी सांगणार नाही. तिनं विचारलं, "मग मला खोटारडी का म्हणालात?"

दिदी म्हणाल्या, "तू बोललीस म्हणून. मी बोलले नव्हते."

मी खरं काय ते सांगून टाकलं. सुटलेली बाजू पुन्हा हाडाला शिवता येईल असं मी म्हणू शकत नाही. पण उरलेली बाजू व्यायामानं बळकट करता येते. जड ओझं टाळायचं. पुढच्या बाळंतपणाआधी आम्हाला दाखवायचं. खाली उतरलंच तर रिंग आहे, ऑपरेशन आहे. लपवण्यासारखं काही नाही. दिदींनी सगळं ऐकून घेतलं आणि चपला काढल्या.

"सरक गं," सुनेला म्हणाल्या. "आता माझं बघ. आधी धरू की कुंथू?"

"कुंथा दिदी. हिमकला बाहेर थांबेल."

"कशाला? बसू दे. मी तिला एवढं ऐकवलं, आता तिनंही माझं ऐकावं."

आणि दिदी कुंथल्या. एवढी वर्षं जे धरलं होतं ते सोडलं. पडद्यावर मूत्राशय, गर्भाशय, सगळं माझ्या डोळ्यांसमोर खाली आलं. आणि ज्याची भीती होती तो आवाजही आला. मी म्हटलं होतं ना, यंत्र ऐकत नाही? यंत्रानं नाही ऐकलं. आम्ही तिघींनी ऐकलं. आधी हिमकला हसली. मग दिदी. पोट धरून इतक्या हसल्या की माझं चित्र हललं आणि मला सगळं मोजमाप पुन्हा घ्यावं लागलं. सर, तुम्ही खाली बघू नका. दिदींनी हेसुद्धा सांगायला सांगितलंय.

दिदींचं ऑपरेशन गेल्या माघात अनिशा मॅडमनी केलं. हिमकला रोज व्यायाम करते, आणि ती जेव्हा म्हणते आज जमणार नाही, तेव्हा त्या घरात कुणी तिला कारण विचारत नाही.

राहता राहिला डोको. तो भिंतीवर टांगून म्हशीचं पोट भरत नाही. चुलीपाशी बैठक झाली. दिदी म्हणाल्या, म्हैस विकू. दिदींचे नवरे, खड्गबहादुर बा म्हणाले, "म्हैस विकायची? मग माझ्या चहाचं काय?"

"चहात दूध हवं असेल तर गवत आणा."

बा, तुम्ही मागे दाराकडे सरकू नका, मला दिसताय. तुमच्याबद्दल मी चांगलंच बोलणार आहे. बा निवृत्त लाहुरे. पलटणीत पाठीवर काय काय वाहिलंय ते रोज सांगत असत. गवत मात्र कधी नाही. पहिल्या दिवशी चौतारीच्या पारावर बसलेल्या मंडळींनी हाक मारली, "काय बा, सून झालात की काय?" बा म्हणाले, "म्हशीला काय, तिला गवताशी मतलब." तेव्हापासून गवत तेच आणतात. मागच्या महिन्यात चौतारीवर बसणाऱ्यांपैकी आणखी एकजण डोको घेऊन जाताना मी पाहिला. नाव सांगत नाही. ते आज इथे आहेत.

आज सकाळी मी बसमधून उतरून वर चढत होते. पुढं बा, पाठीवर हिरवागार डोको, तोंडानं फुसफुसत. त्यांच्या मागं हिमकला. ती कपडे धुऊन, तिथंच वाळत घालून येत होती, हातात फक्त साबणाची डबी. या वाटेवर मी तिला कधी सरळ मानेनं चालताना पाहिलं नव्हतं. नाम्लो लावला की मान खाली जाते, माणसाला फक्त पुढच्याची टाच दिसते. आज ती इकडेतिकडे बघत होती. मला म्हणाली, "मिस, इथून धवलागिरी दिसतो, हे मला माहीतच नव्हतं." लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती याच वाटेनं जातेय.

आता शेवटचं. दिदी या कामातून निवृत्त होत आहेत. त्या आता वॉर्डात फिरताना काय सांगणार, असं मी त्यांना विचारलं. तर म्हणाल्या, "एवढी वर्षं सांगितलं, दाखवा. आता सांगेन, सोडा." आणि मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "बहिनी, शिबिरात धरून पास होणारी मी एकटी नव्हते. माझ्याबरोबरच्या निळ्या साड्यांतल्या..." मी त्यांना तिथंच थांबवलं. नावं विचारली नाहीत. मला नावं नको आहेत. मी डावीकडे बघतसुद्धा नाहीये.

म्हणून माझी अध्यक्षांना एक विनंती आहे. जेवण तयार आहे. पुरुष मंडळींनी आज नेहमीप्रमाणे आधी बसावं, पोटभर जेवावं, सावकाश जेवावं. बायकांनी मात्र इथंच थांबावं. मी सोनोग्राफीचं लहान यंत्र बरोबर आणलं आहे, अनिशा मॅडम आहेत, मागच्या खोलीत खाट आणि चादर आहे. ज्यांना तपासून घ्यायचं नाही त्यांनी नुसतं बसावं, गप्पा माराव्यात, मोठमोठ्यानं हसावं, म्हणजे आतला कुठलाही आवाज बाहेर कुणाला ऐकू येणार नाही. सासवांना आणि सुनांना वेगवेगळं आत घेऊ. दार दिदी लावणार आहेत, आणि त्यांनी एकदा दार लावलं की ते कोण उघडू शकतं, हे या वॉर्डात सगळ्यांना ठाऊक आहे.

मला बोलायला बोलावलंत, त्याबद्दल आयोजकांची मी आभारी आहे. दिदींनी आणि हिमकलानं आपलं एवढं आतलं दुखणं माझ्या हवाली केलं, त्यांचं ऋण मानायला माझ्याजवळ शब्द नाहीत. सभेत बोलू नयेत असे काही शब्द माझ्या तोंडून गेले. त्यांनी कुणाचा मान दुखावला असेल तर मला पदरात घ्यावं. हिमकला, तुझ्या बाबतीत काही जास्त बोलले असेन तर मला इथंच, सगळ्यांसमोर सांग. मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवीन.

नमस्कार.